परग्रहावरची पहिली बाई

प्रश्न विचारला तेव्हा मुंगीच्या तोंडात पाव होता, त्यामुळे लेखकरावांना तो आधी नीट ऐकू आला नाही, आणि ऐकू आल्यावर ऐकू न आल्यासारखं करायला जरा उशीर झाला.

“बाबा, हिरव्या चंद्रावर बायका का नाहीत?”

मुंगी म्हणजे त्यांची मुलगी. अंगाने लहानखुरी म्हणून हे नाव पडलं असं सगळे सांगत. खरं कारण वेगळं होतं. एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की डब्यातली फट सापडेपर्यंत ती डबा सोडत नसे. आणि हिरवा चंद्र म्हणजे दर आठवड्याला टीव्हीवर लागणाऱ्या ‘हिरव्या चंद्राची स्वारी’ या मालिकेतली ती भयंकर जागा, जिथले रहिवासी पृथ्वीवर सतत चाल करून येत आणि सतत हरत. ही सगळी सृष्टी एकट्या लेखकरावांनी निर्माण केली होती. त्याआधी ते मिक्सर, इस्त्री असल्या वस्तूंबरोबर येणारी सूचनापत्रकं लिहीत. ‘झाकण घट्ट बसल्याची खात्री केल्याशिवाय बटण दाबू नये’ हे त्यांचं सर्वांत जास्त छापलं गेलेलं वाक्य. तिथून ते एकदम अंतराळात गेले, तेव्हा इमारतीतल्या लोकांनी निम्म्या कौतुकाने आणि निम्म्या टवाळीने त्यांना लेखकराव म्हणायला सुरुवात केली. त्यातला कौतुकाचा भाग त्यांनी ठेवून घेतला होता.

“बायका आहेत ना,” ते म्हणाले. “त्या घरी असतात. कॅमेरा तिकडे जात नाही.”

“मग एकदा न्या की तिकडे.”

“अगं, तिथे युद्ध चाललंय. युद्धात घरं दाखवतात का कोणी?”

“टपाल वाटणारा तीन डोक्यांचा उंट बरा दाखवता,” आतून बायको म्हणाली. “त्याला तर नोकरीसुद्धा लावलीत.”

बायको वीज कंपनीत तक्रारींच्या खिडकीवर बसायची. तिने तिथून ‘पुढचे’ म्हटलं की रांगेतला शेवटचा माणूससुद्धा एक पाऊल सरकत असे. घरातही तिच्या वाक्यानंतर कोणी ना कोणी सरकत असे, आणि ते बहुधा लेखकरावच असत.

मग हळूहळू प्रश्नाचं मूळ बाहेर आलं. खाली आवारात मुलं रोज हिरव्या चंद्राचा खेळ खेळत. मुलगे हिरवे व्हायचे. मुलींना एकच काम होतं, शास्त्रज्ञाची पळवून नेलेली मुलगी व्हायचं. मुंगीला इतक्या वेळा पळवून झालं होतं की आता ती तुरुंगात वाचायला पुस्तक बरोबर नेत असे. काल तिने ‘मला हिरवी व्हायचंय’ म्हणून सांगितलं, तर वरच्या मजल्यावरच्या भूगोलाच्या मास्तरांचा नातू, जो हिरव्यांचा कायमचा सेनापती होता, म्हणाला, “हिरव्यांमध्ये बायका नसतात. तुझ्याच बाबांनी लिहिलंय.”

लेखकरावांनी हातातला पाव खाली ठेवला. इतके भाग लिहिले, तीन डोक्यांचा उंट सुचला, धुराची भाषा बोलणारे दगड सुचले, पण एक बाई सुचली नव्हती. लाज वाटली, आणि लाज वाटली की त्यांना मोठ्या गोष्टी बोलायची सवय होती.

“पुढच्याच भागात आणतो,” ते म्हणाले. “आणि ऐरीगैरी नाही. हिरव्यांची मुख्य शास्त्रज्ञ.”

“नुसती उभी नाही ना राहणार? बोलेल ना?”

“बोलेल म्हणजे? ती बोलायला लागली की सेनापतीची बोलती बंद.”

“वचन?”

“वचन.”

मुंगीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की पत्रकं लिहायच्या काळात त्यांच्याकडे कोणीच कधी तसं पाहिलं नव्हतं. मग ती धडाधडा जिना उतरून खाली गेली आणि तिने ही बातमी अख्ख्या आवाराला सांगितली.

बातमी फुटली म्हणजे सल्ले आलेच. आपल्याकडे माणसाला अंतराळातलं काही कळो न कळो, बाई कशी असावी हे प्रत्येकाला कळतं. भूगोलाचे मास्तर निवृत्त झाल्यापासून कुठल्याही भूभागाबद्दल बोलायला आसुसलेले असत. त्यांनी जिन्यातच गाठून सांगितलं, “चंद्रावर गुरुत्वाकर्षण कमी. बाईचे केस वर तरंगतील. आखूडच ठेवा.” शेजारच्या काकूंना भूगोलाशी कर्तव्य नव्हतं. “पापण्या लांब द्या हो,” त्या म्हणाल्या. “आणि नाक जरा बरं द्या. तुमच्या त्या मेल्या हिरव्यांची नाकं म्हणजे नुसते बटाटे.” लिफ्टमध्ये एका अनोळखी गृहस्थांनी, आपला मजला आल्यावरही दार धरून ठेवत, गंभीरपणे बजावलं की एक बाई आणलीत की दुसरी आणावी लागेल, आणि मग त्यांचं आपापसांत पटणार नाही. लेखकराव सगळ्यांना ‘बघतो’ म्हणाले. हा शब्द त्यांनी त्या आठवड्यात फार वापरला.

निर्मात्यांनी हरकत घेतली नाही. ते पूर्वी कपडे धुण्याच्या यंत्रांचे व्यापारी होते, म्हणून तर हिरव्यांच्या यानाला सगळ्या खिडक्या गोल होत्या. “बाई आणा,” ते म्हणाले. “फक्त ती आहे त्यात बसवा.” खरी अडचण वाहिनीच्या मंजुरी अधिकाऱ्यांकडे आली. हे गृहस्थ टेबलावर काहीही ठेवत नसत, त्यामुळे समोरच्याला नजर ठेवायला त्यांच्या चेहऱ्याशिवाय जागाच उरत नसे.

“ही कोणाची कोण?” त्यांनी विचारलं.

“मुख्य शास्त्रज्ञ आहे, साहेब.”

“ते झालं काम. कोणाची कोण?”

“कोणाचीच नाही.”

“असं कसं? एकटीच राहते? प्रेक्षक विचारतील.”

“तो टपालवाला उंटही एकटाच राहतो, साहेब. त्याचं कोणी विचारलं नाही.”

“उंटाचं वेगळं,” अधिकारी म्हणाले, आणि ते इतक्या खात्रीने म्हणाले की लेखकरावांनाही क्षणभर उंटाचं वेगळं वाटलं.

शेवटी ती सेनापतीची बहीण ठरली. थोरली नको, धाकटी, कारण थोरली असली तर सेनापतीला तिच्यापुढे मान खाली घालावी लागेल आणि हिरव्यांच्या शिरस्त्राणाचा तुरा फार लांब होता. लेखकराव ‘चालेल’ म्हणून बाहेर आले. बहीण तर बहीण, त्यांनी मनाशी म्हटलं. बोलणार तर आहे. घरी आल्यावर त्यांनी तिला एक लांबलचक भाषण लिहून दिलं. त्यात ती सांगते की युद्ध मूर्खपणाचं आहे, यानाचं इंजिन मी बनवलंय आणि ते मी आता बंद करते आहे. मुंगीने ते भाषण पाठ केलं आणि आंघोळ करताना मोठ्याने म्हटलं. लेखकराव न्हाणीघराबाहेर उभं राहून ऐकत होते, आणि खरं सांगायचं तर त्यांचे डोळे भरून आले होते.

आता राहिला मुखवटा. इथे एक गोष्ट सांगायला हवी. हिरव्यांचे सगळे मुखवटे एकाच साच्यातून निघालेले होते. मालिका सुरू होताना मुखवटेवाल्याने मारामारीची कामं करणाऱ्या एका नटाच्या तोंडावर ओलं प्लास्टर थापलं, ते वाळल्यावर काढलं आणि त्यावरून रबराचे मुखवटे ओतले. त्या दिवशी त्या नटाला सर्दी झाली होती. नाकाने श्वास घेता येईना म्हणून तो तोंड उघडं ठेवून बसला. त्यामुळे हिरवी जमात कायम तोंड वासून असे. एका समीक्षकाने त्यात ‘विश्वाबद्दलचं अथांग कुतूहल’ पाहिलं होतं आणि सगळ्यांचा चेहरा सारखा असण्यात समतेचा संदेश. लेखकरावांनी ते कात्रण जपून ठेवलं होतं.

बाईसाठी दुसरा साचा हवा होता, आणि साच्यासाठी बाईचा चेहरा. जी नटी ठरली होती तिने प्लास्टरचं नाव काढताच काम सोडलं. “कुठलाही बायकी चेहरा चालेल,” मुखवटेवाला म्हणाला. “मात्र ज्याचा चेहरा, त्यालाच मुखवटा नीट बसतो. म्हणजे कामही तिनेच करायचं.” तो आपल्या कलेबद्दल फार अभिमानी होता आणि वेळेबद्दल अजिबात नव्हता.

लेखकरावांनी बायकोला विचारलं.

“काय करावं लागेल?”

“काही नाही गं. थोडा वेळ गप्प बसायचं.”

“एवढंच?” बायको म्हणाली. त्या एका शब्दात काय होतं ते लेखकरावांनी तपासलं नाही. ती तयार झाली, साच्यालाही आणि कामालाही, ती मुंगीसाठी.

रविवारी मुखवटेवाला बादल्या घेऊन घरीच आला. बायकोला बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसवलं, डोक्याला प्लास्टिक गुंडाळलं, नाकात दोन नळ्या घातल्या. “ओठ घट्ट मिटा,” त्याने बजावलं. “मागच्या वेळी त्या सर्दीवाल्याने साच्याची वाट लावली. आता काम कसं साफ व्हायला पाहिजे.” आणि त्याने कपाळापासून हनुवटीपर्यंत पांढरा लपका थापला. नेमक्या त्याच वेळी, बघायला म्हणून, शेजारच्या काकू आल्या. पाठोपाठ मास्तर आले. काकू त्या पांढऱ्या गोळ्याशी सुनेबद्दल बोलू लागल्या. म्हणजे काकूंच्या सुनेबद्दल, गोळ्याशी. उत्तर येत नाही हे पाहून त्यांना भलताच हुरूप आला.

थोडा वेळ हे चाललं. मग बायकोने मांडीवरचा हात उचलला आणि मनगटापासून दोनदा झटकला. घरातलं लहान मूलही ओळखेल असा तो हात होता. निघा आता, असा.

“काय म्हणतेय?” काकूंनी विचारलं.

“ती म्हणते की बसा, चहा होतोय,” लेखकराव म्हणाले.

काकू बसल्या. मास्तरही बसले. बायकोने पुन्हा हात झटकला, या वेळी जोरात, आणि लेखकरावांनी सांगितलं की ती बिस्किटं आहेत म्हणतेय. स्टुलावर बसलेली मुंगी आधी आईच्या हाताकडे आणि मग बाबांच्या तोंडाकडे पाहत होती. लेखकराव तिच्याकडे बघून हसले. घरच्या घरी केलेला विनोद, त्यांना वाटलं. प्लास्टर निघालं तेव्हा बायकोची निम्मी डावी भुवई बरोबर गेली. पुढे कितीतरी दिवस तक्रारीच्या खिडकीवर आलेल्या माणसांना बाई आपल्यावर संशय घेताहेत असं वाटे आणि ती माणसं आपोआप खरं बोलू लागत.

चित्रीकरणाच्या दिवशी मुंगीने शाळेला दांडी मारली. गोदामात यान उभं केलं होतं. गोल खिडक्यांतून मागच्या भिंतीवरचे पाण्याचे पाइप दिसत. बायकोला हिरवा मुखवटा चढवला. पापण्या लांब होत्या, नाक बरं होतं, केस आखूड होते. इमारतीतल्या एकाही सल्ल्याचा अपमान झाला नव्हता. दिव्यांत ती उभी राहिली तेव्हा मुंगीने लेखकरावांचं बोट घट्ट धरलं.

“चला,” निर्माते म्हणाले.

बायकोने हात उचलला आणि भाषण सुरू केलं. बाहेर आलं ते असं, म्म्म म्म म्म्म. दूर कुठेतरी मिक्सर लागल्यासारखं.

सगळं थांबलं. मुखवटेवाल्याने जवळ जाऊन पाहिलं, बोटाने चाचपलं. साच्यात ओठ मिटलेले होते, म्हणून मुखवट्यातही मिटलेले होते. रबर अखंड होतं. परग्रहावरच्या पहिल्या बाईला तोंडाची जागा होती, पण तोंड नव्हतं.

“फट कापता येईल,” तो म्हणाला. “पण कापलं की फाटत जातं. नीट करायचं तर उद्या.”

“उद्या गोदाम नाही,” निर्माते म्हणाले. त्यांनी थोडा विचार केला आणि सर्दीवाल्या नटाला बोलावलं. “तू हिच्या शेजारी उभा राहा. दुभाष्या. ही हातवारे करेल, तू सांगायचं, ती म्हणते की अमुक, ती म्हणते की तमुक. भाषण तेच. वाया काही जात नाही.” मग ते मुखवट्याकडे पाहून म्हणाले, “आणि हो, असला एक आमच्या घरासाठीही ओता.”

दिवेवाले हसले. कॅमेरेवाला हसला. लेखकरावही हसले. हसायचं असं त्यांनी ठरवलं नव्हतं, पण निर्माते त्यांच्याचकडे बघत होते, आणि म्हणून ते इतरांपेक्षा थोडे मोठ्याने हसले. हसून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बोट धरलेला हात आता बोटाला नाही. मुंगी दोन पावलं मागे, आईची पाण्याची बाटली छातीशी धरून उभी होती.

त्या वेळी त्यांना म्हणता आलं असतं, हे असं चालणार नाही. उद्या करू, दुसऱ्या जागी करू, मी हे भाषण तिच्यासाठी लिहिलंय. वाक्य तयार होतं. त्यांनी तोंड उघडलंही. मग ते मिटलं. त्यांच्या तोंडावर तर मुखवटाही नव्हता. मुख्य शास्त्रज्ञाने हातवारे केले, सर्दीवाल्याने खणखणीत आवाजात युद्धाला मूर्खपणा म्हटलं, इंजिन कोणी बनवलं ते सांगितलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्याच्यासाठी.

परत येताना बायको खिडकीबाहेर बघत होती. गालांवर रबराचे वळ उठले होते.

“आतून दिसत फारसं नव्हतं,” ती म्हणाली. “ऐकू मात्र सगळं येत होतं.”

 

भाग लागला त्या संध्याकाळी अर्धी इमारत त्यांच्या बाहेरच्या खोलीत होती. काकूंना पापण्या फार आवडल्या. मास्तरांनी केसांबद्दल समाधान व्यक्त केलं आणि म्हणाले, “बाई कशी शांत दाखवलीत. उगाच बडबड नाही.” लिफ्टमधले गृहस्थही कोणाच्या तरी मागे उभे होते. बायको चहाच्या निमित्ताने आत गेली ती बाहेर आलीच नाही. मध्येच वाहिनीच्या अधिकाऱ्यांचा फोन आला. बाई पसंत पडली होती. “पुढेही ठेवा,” ते म्हणाले. “अशीच ठेवा.” एरवी असा फोन आला असता तर लेखकरावांनी तो आठवडाभर मिरवला असता. आज ‘हो साहेब’ म्हणताना त्यांना आपलाच आवाज चोरट्यासारखा वाटला. मुंगी त्यांच्या पायाशी बसून पाहत होती. ‘ती म्हणते की’ पहिल्यांदा आलं तेव्हा तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. दुसऱ्यांदा आलं तेव्हा ती तिथे नव्हती.

लोक पांगल्यावर ते गॅलरीत आले. अंधार व्हायचा होता. खाली मुलांचा खेळ रंगला होता, आणि मध्यभागी, सेनापतीच्या शेजारी, मुंगी उभी होती. तिला कोणी पळवलं नव्हतं. हातात पुस्तक नव्हतं. आज तिला हिरव्यांत घेतलं होतं. लेखकरावांच्या जिवात जीव आला. मग त्यांना दिसलं की तिच्या तोंडाला मफलर बांधलेला आहे.

ते घरातल्या चपलांवरच खाली गेले.

“काय चाललंय रे?”

मुंगीने हातवारे केले. मास्तरांच्या नातवाने ते लक्ष देऊन पाहिले. “ती म्हणते की ती मुख्य शास्त्रज्ञ आहे,” तो म्हणाला. “आणि इंजिन तिने बनवलंय.”

“अरे, मग तिला सांगू दे की. मुंगे, सोड तो मफलर. जीव गुदमरेल.”

“सोडायचा नाही, काका,” नातवाने समजावून सांगितलं. “तिथल्या बायकांना बोलता येत नाही. तुम्हीच लिहिलंय.”

लेखकराव तिच्यासमोर उकिडवे बसले. सगळी मुलं बघत होती, पण आता लाजेला आणखी जागा उरली नव्हती. “मुंगे, माझं चुकलं,” ते म्हणाले. “तुझी आई बोलत होती. मी तिला बोलू द्यायला हवं होतं, आणि मी हसलो. पुढच्या भागात मी...” इथे त्यांच्या तोंडात ‘वचन’ हा शब्द आला, आणि तो बाहेर काढायची त्यांना हिंमत झाली नाही.

मुंगी त्यांच्याकडे बघत राहिली. मफलरच्या वर फक्त डोळे होते, आणि ते रागावलेले असते तर बरं झालं असतं. मग तिने हात उचलला आणि मनगटापासून दोनदा झटकला.

मास्तरांचा नातू चांगल्या वळणाचा मुलगा होता. मोठ्या माणसांशी कसं बोलावं हे त्याला शिकवलेलं होतं. तो जरा घुटमळला, त्याने मुंगीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि म्हणाला, “ती म्हणते की बसा, काका.”

लेखकराव उठले आणि वर जायला निघाले. जिना चढताना खालून हिरव्यांचा गलका ऐकू येत होता. प्रत्येक मजल्यावर ते थोडं थांबून ऐकत होते. त्यात मुंगीचा आवाज नव्हता.